न्हाणीतला टब

माझी धाकटी बहीण बेकरीत भट्टीवर काम करते. घरी आली की साबण न लावता कोपरापर्यंत हात धुते आणि मगच खाऱ्या पाण्याच्या टाकीत घालते. टाकीत तिची प्रवाळं आहेत. झुडपासारखी दिसतात, पण जिवंत प्राणी. मधलं निळं सर्वांत जुनं. समुद्रातल्या शेतावर वाढवलेला अंगठ्याएवढा तुकडा तिनं आणला होता. आता ते ओंजळीत मावत नाही. नळ्या मी जोडून दिल्या. बाकी घाम तिचा.

आमचे मेहुणे सोफ्यावर बसून त्या टाकीला ‘आमची बाग’ म्हणतात.

मध्यंतरी तिनं एक नवं आणलं, थेट समुद्रातल्या खडकावरून काढलेलं. असल्या पाहुण्याच्या अंगावर किडे असतात. म्हणून ते न्हाणीतल्या टबात, मंद दिव्याखाली, वेगळं. ती त्याला औषधाच्या पाण्यातून काढायची, भिंग लावून बघायची.

मेहुण्यांचे साहेब चहाला यायचे होते. ती कामावर असताना या गृहस्थांनी नवं प्रवाळ उचललं आणि निळ्याच्या शेजारी मांडलं. साहेब वा वा करून गेले.

“अहो, हात लावायला सांगितलं कुणी?” बहिणीनं घरी आल्या आल्या विचारलं.

“न्हाणीत कशाला ठेवायची एवढी देखणी वस्तू? पाणी तेच, मीठ तेच!”

तिनं ते लगेच बाहेर काढलं. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. काही आठवड्यांनी निळ्यावर पांढरे चट्टे उठले. तिनं मला बोलावलं. भिंगातून पाहिलं तर चपटे किडे त्याला कुरतडत होते, बुडाशी अंड्यांचे पुंजके. औषधानं किडे गळतात, अंडी गळत नाहीत.

माझं डोकं फिरलं. “ते नवं फेकून दे. आणि यांनाही.”

“दादा, त्याचा काय दोष? त्याला माझ्याच हौसेपायी उपटून आणलंय.” मग नवऱ्याकडे बघून, “यांचं नंतर बघू.”

तिनं निळ्याच्या धड फांद्या कापून घेतल्या. टाकीतली सगळी प्रवाळं बाहेर काढली. खायला मिळालं नाही की मागे राहिलेले किडे उपाशी मरतात. न्हाणीतला टब उचलून दिवाणखान्यात आणला, सगळी त्यात ठेवली, आणि टाकीवरचा दिवा काढून त्यावर टांगला. बाग अंधारात.

“अगं, चार लोक येतात इथं!”

“येऊ देत. बघू देत.”

त्यानंतर दर काही दिवसांनी औषध, मग ब्रशनं अंडी खरवडणं, पुन्हा औषध. भट्टीवर उभं राहून आल्यावर हे सगळं. मेहुणे पेपर वाचत.

परवा गेलो तर निळ्या फांद्यांवर बारीक तोंडं उघडली होती. नवा चट्टा एकही नाही.

“बघा,” मेहुणे म्हणाले, “जगलं की नाही आपोआप!”

आपोआप. मी उठलोच. बहिणीनं मला दंडाला धरून थांबवलं, आणि भिंग नि ब्रश नवऱ्याच्या हातात दिला.

“बसा. अंडी शोधा. एक जरी राहिलं तर तुमच्या साहेबांचा चहा कायमचा बंद.”

टब जमिनीवर होता. ते फरशीवर बसले. सोफ्यावर मी बसलो.