सहावा पेला

प्लास्टर काढल्यावर माझा उजवा हात डाव्याच्या निम्माच दिसत होता. अकोल्याच्या जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मी सरकीची टोपली उचलायचे. सरकीवर पाय घसरून पडले आणि कोपराच्या वर हाड मोडलं. मुकादम म्हणाला, "दिवाळी झाल्यावर जिन सुरू होईन. त्या दिवशी भरलं टोपलं डोक्यावर घेऊन दाखव. नाई तं दुसरी बाई उभीच हाये." ते काम गेलं असतं तर घरात बसावं लागलं असतं, आणि मला घरात बसायचं नव्हतं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

माझे सासरे तरुणपणी अमरावतीला तालमीत जात. हात कसा भरून आणायचा ते त्यांना माहीत होतं. पण आमच्याकडे सून सासऱ्याशी बोलत नसे. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. ते सासूबाईंना सांगत, सासूबाई मला सांगत. तिघंही एकाच खोलीत असायचो.

"तिले सांग, डब्यात दोन पेले वाळू घे म्हणा."

"आयकलं तिनं. मी काय पोस्टमन हाओ का?" सासूबाई म्हणायच्या, आणि तरी पुन्हा सांगायच्या.

डबा घासलेटचा होता, तारेची कडी लावलेला. तो उजव्या हाताने खांद्याच्या वर न्यायचा आणि खाली दगडी फरशीवर ठेवायचा. असं दहा वेळा. सासरे माझ्याकडे पाठ करून दारात बसत. ते बघत नसत, ऐकत. त्यांचं म्हणणं असं, की उचलणारा लबाडी करू शकतो, ठेवणाऱ्याला जमत नाही. हात थकला की डबा फरशीवर आदळतो. दहाव्या वेळीही आवाज आला नाही, आणि असं सलग तीन दिवस झालं, तरच एक पेला वाढवायचा. एकदम दोन कधीच नाही. बारा पेले झाले की टोपलं उचलता येईल, असा त्यांचा हिशेब होता.

पाच पेल्यांपर्यंत नीट चाललं. पाचावर अडलं. आठव्या वेळेपासून डबा वाजायचा. सासरे नुसतं नाही म्हणून डोकं हलवायचे. दसरा झाला. रस्त्यात मुकादम भेटला, माझ्या हाताकडे बघून हसला. घरी येऊन मी आठव्या वेळी डब्याखाली डावा हात लावला. डबा अलगद बसला. नवव्या, दहाव्या वेळीही तेच केलं.

"वा," सासरे दारातूनच म्हणाले.

तीन दिवसांनी सहावा पेला घातला. मग सातवा, आठवा. आता डावा हात पहिल्यापासूनच लागत होता. मोडल्या जागी दुखू लागलं. भाकरी थापताना मी डोळे मिटून घ्यायचे. दिवाळीला आठ दिवस राहिले. सासूबाई लेकीच्या बाळंतपणासाठी मूर्तिजापूरला गेल्या होत्या, म्हणून सासरे भिंतीकडे बघून बोलायचे.

"भित्ताडा, सांग तिले, आज नऊ घे. आन डोक्यापर्यंत ने."

मी नऊ पेले घातले. डबा कमरेपर्यंत आला आणि तिथेच थांबला. डावा हात लावला असता तर गेला असता वर. पण डोक्यावरून सुटला तर हाड पुन्हा मोडणार, हे मला दिसत होतं. कडी बोटांत रुतत होती. दारात त्यांची पाठ ताठ झाली. ते आवाजाची वाट बघत होते. माझा नवरा तेलाच्या घाण्यावर कामाला गेलेला, शेजारी कोणी नाही, सांगायला भिंतीशिवाय कोणी नाही.

मी डबा खाली टेकवला. तो मोठ्याने वाजला.

"मामाजी," मी म्हणाले, "मी डावा हात लावत होती."

मला वाटलं, ते उठून निघून जातील.

"कितव्या पेल्यापासून?"

"पाचव्या."

"दुखते?"

"हो."

"मंग चार दिवस डब्याले हात लावू नको. नंतर चारावर ये." मग म्हणाले, "मले फसवून राहिली असं वाटलं तुले? हात तं तुहाच हाये, बाई."

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मी पदराने तोंड पुसलं आणि पाच पेले वाळू ओतून टाकली.

सासूबाई परत आल्या तेव्हा आम्ही दोघं बोलताना त्यांनी ऐकलं. "मी घरात नाई तं बोबडी वळायच्या ऐवजी वाचा फुटली," म्हणाल्या, आणि दोन दिवस आमच्याशी नीट बोलल्या नाहीत.

जिन सुरू झालं त्या दिवशी मी पाचच पेल्यांवर होते. मुकादमाने टोपलं गच्च भरून समोर ठेवलं. बायका गोळा झाल्या. मी खाली वाकले, काठ धरला आणि लगेच सोडून दिला.

"अर्धं भरा," मी म्हणाले. "पुरं महिन्याभरानं उचलते."

"अर्ध्या टोपल्याची बाई म्या आतापर्यंत पाह्यली नाई," तो म्हणाला. बायका हसल्या. माझी जागा त्याने दुसरीला दिली आणि मला कापसातला कचरा वेचायला बसवलं. बसून करायचं काम, म्हाताऱ्यांचं. मी बसले. घरी गेल्यावर सासऱ्यांना तसंच सांगितलं. ते म्हणाले, "बरं केलं," आणि तोंड पुन्हा दाराकडे केलं.

तिसऱ्या दिवशी मी सहावा पेला घातला. या वेळी डावा हात पाठीमागे, लुगड्याच्या काष्ट्यात खोवून ठेवला होता.