सिंकच्या जागेचा दगड

काल शेजारी ओटा बसवताना ग्रॅनाइट कापत होते. ओल्या दगडाच्या भुकटीचा वास आला आणि मला एकदम कामशेतची ती दगडाची वखार आठवली.

तेव्हा इंदुरीच्या घरामागे मी एक जुनं लेथ मशीन दुरुस्त करत होतो. त्याचे भाग तपासायला अगदी सपाट पृष्ठभाग हवा होता, पण कारखान्यात असते तशी सरफेस प्लेट माझ्या ऐपतीबाहेरची होती. वखारीत मात्र सिंकसाठी ओट्यातून कापलेले जाड तुकडे नुसते पडून होते. माझे वडील, आबा, जन्मभर फिटर होते. माझ्यासोबत वखारीत येऊन त्यांनी एका तुकड्यावर पोलादी पट्टी काठावर उभी धरली. मी वाकून पट्टीखाली पाहू लागलो.

"उजेड दिसतोय का कुटं?"

"न्हाई, आबा."

त्यांनी पट्टी आडवी केली, मग तिरकी. उजेड कुठंच नव्हता. म्हणजे दगड अगदी सपाट होता.

"पडूनच हाय, घिऊन जा," वखारीचे मालक म्हणाले.

घरी येईपर्यंत आम्ही दोघं लेथबद्दलच बोलत होतो.

आबांना तेव्हा मोतीबिंदूमुळे बारीक दिसत नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. माझ्या एका 'न्हाई'वर विश्वास ठेवून ते माझ्याइतकेच हरखले होते.