मामा केबिनमध्ये असताना

सासरी आले त्याच महिन्यात माझ्या डोकेदुखीचं बारसं झालं. नाव ठेवलं पित्त. कसबा बावड्यात साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की मळीचा वास घरभर पसरतो. त्या वासानं माझं अर्धं डोकं ठणकायचं, डोळ्यांपुढं काजवे चमकायचे, उजेड नकोसा व्हायचा. म्हणून मळीलाही दोष मिळाला. पण हंगाम संपला तरी डोकं थांबायचं नाही. पाळी आली की ते हमखास उठायचं, आणि त्याच्या जोडीला ओटीपोटात अशी कळ यायची की मी उशी चावायचे.

आमच्याकडं त्या दिवसांत बाईनं स्वयंपाकघरात जायचं नाही. मी मागच्या खोलीत चटईवर पडायचे आणि सासूबाई गॅसपाशी उभ्या राहायच्या. म्हणजे माझे दिवस कधी आले हे नवरा, दीर, सासरे, अगदी दारात दूध न्यायला येणारी बाईसुद्धा ओळखायची. कळत सगळ्यांना होतं. बोलायचं तेवढं नव्हतं.

नवरा फाउंड्रीत कामाला, त्यामुळे मला दवाखान्यात सासरेच न्यायचे. त्यांना मी मामा म्हणते. माणूस लाखात एक. उन्हानं डोकं चढतं म्हणून स्कूटरवर बसण्याआधी आपला टॉवेल मला पांघरायला द्यायचे. केबिनमध्ये शेजारच्या खुर्चीवर बसायचे आणि मी तोंड उघडायच्या आत सांगून मोकळे व्हायचे, "डाक्टर, सुनंचं डोस्कं लई दुखतंय. उलट्या बी हुत्यात. पित्ताचं बगा की."

"आणखी काही त्रास?" डॉक्टर मला विचारायचे.

मी खाली बघत मान हलवायचे. सासऱ्यांदेखत पाळीचं नाव काढणारी बाई आमच्या भावकीत अजून जन्माला यायची होती. गोळ्या मिळायच्या, त्या डोक्याच्या.

वर्षं गेली, मूल होईना. मला ते फार हवं होतं. बाकी सगळं दुखणं मी त्याच्या नावावर सोसलं असतं. पोटाचं एकदा सासूबाईंना सांगून बघितलं, तर त्या म्हणाल्या, "बाईच्या जातीला असतंयच ते. प्वार झालं की थांबतंय." प्वार होत नव्हतं म्हणून तर सांगत होते. असा राग यायचा, आणि काढायचा कुणावर तेच समजायचं नाही.

मग मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यांना स्कूटर चालवायची बंदी आली. गडहिंग्लजहून माझी आई आली आणि मला दुसऱ्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथं बाई डॉक्टर होत्या. त्यांनी विचारलं तसं मी डोकं, पोट, सगळं एका दमात ओकून टाकलं. सोनोग्राफी झाली, मग दुर्बिणीतून ऑपरेशन. गर्भाशयाच्या आत असतं तसलं अस्तर माझ्या पोटात बाहेरच वाढत गेलं होतं, त्यानं अंडाशय आतड्याला चिकटले होते. एंडोमेट्रिओसिस, त्या म्हणाल्या. अर्धशिशीही हा आजार असलेल्या पुष्कळ जणींना असते. "आधीच्या डॉक्टरांना पोटाचं कधी सांगितलं नव्हतं का?"

एक अंडाशय काढावा लागला. दुसऱ्यात फारसं काही उरलं नव्हतं. मुलाची आशा धरू नका, हे त्यांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं. खूप उशीर झाला होता.

डोकं आजही दुखतं, पूर्वीपेक्षा कमी. मूल नाही ते नाहीच.

ऑपरेशननंतर मला घरी आणलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मामा माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन बसले. सासूबाईंनी त्यांना सगळं सांगितलं होतं.

"पोरी," ते म्हणाले, "येकदा म्हणायचं हुतंस. मी भाईर बसलो असतो की."

मी भिंतीकडं तोंड करून रडले. ते खरंच बाहेर बसले असते.