अनामत ठेवलेला गणपती

दादांनी मूर्तीच्या पोटाला हाताची पालथी बाजू लावायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "नाय गो, पोट अजून गार हाय." पोट गार म्हणजे आत ओल. पेणच्या त्या गणपतीच्या कारखान्यात मी मूर्तींचे डोळे रंगवायची. दादा तिथले मालक; त्यांनी असं म्हटलं की माझा कुंचला खाली.

पावसाळ्यात शाडू सुकता सुकत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. बाकीचे कारखानदार पंखे लावत, शेगड्या पेटवत. दादांनी क्रिप्टोची यंत्रं आणली. घरबसल्या डिजिटल नाणी मिळतात, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. मिळायचीही, पण ती सगळी विजेच्या बिलात जायची. यंत्रं मात्र अशी तापायची की त्या खोलीत गणपती चार दिवसांत खडखडीत. दादा तेवढ्यावर खूश होते.

आल्यागेल्याला ते सगळं समजावून सांगत. या नाण्यांच्या व्यवहारांची वही जगभर असंख्य लोकांकडे असते. नवं पान कोणी लिहायचं, यासाठी यंत्रं कोडं सोडवायची शर्यत लावतात. खोटं पान घुसवायचं तर बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वीज जाळावी लागते, म्हणून कोणी त्या भानगडीत पडत नाही. याला म्हणे प्रूफ ऑफ वर्क म्हणतात. "घामाची राखन हाय ती," दादा म्हणायचे.

मग त्या नाण्यावाल्यांनी पद्धतच बदलली. प्रूफ ऑफ स्टेक आलं. आता शर्यत नाही. आपली नाणी अनामत ठेवायची, चिठ्ठी निघेल त्याने पान लिहायचं, बाकीच्यांनी तपासायचं आणि लबाडी पकडली गेली की अनामत जप्त. नाणीच मिळेनात, तर बिल कशातून भरणार? यंत्रं बंद झाली. जगाची वीज वाचली आणि आमचे गणपती ओले राहिले. दादांनी महिनाभर त्या पद्धतीचा उद्धार केला. कोणी राबलंच नाही तर राखण कसली, असा त्यांचा सवाल होता.

सगळे भाऊ म्हणत असे रोह्याचे एक गृहस्थ, कंपनीतून निवृत्त झालेले, दरवर्षी आमच्याकडूनच मूर्ती नेत. यंत्रं बंद पडल्याचं ऐकून ते ऑर्डर दुसरीकडे द्यायला निघाले. इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक तुटणार म्हणून दादांचा चेहरा पडला आणि तोंडातून निघालं ते नव्या पद्धतीचंच. "माझ्या घरचा गणपती अनामत. तुमचा सुकला नाय, तर माझा न्या."

दादांचा घरचा गणपती उन्हाळ्यातच तयार असायचा. त्यावर त्यांचा भारी जीव.

चतुर्थीच्या आदल्या दिवशीही भाऊंच्या मूर्तीचं पोट गारच. मी सुचवलं, वरून रंग मारू, दीड दिवस सहज निघेल, कोणाला कळणार?

दादांनी माझ्यासमोरचा रंगाचा डबा झाकला. मग म्हणाले, "तुला कळलं ना? तपासनारा एक पुरे."

घरचा गणपती रोह्याला गेला. मला वाईट वाटलं आणि स्वतःची लाजही वाटली.

दादांच्या घरी भाऊंसाठी केलेला तो ओला, बिनरंगाचा गणपती बसला. मी फक्त डोळे काढले. वहिनी दीड दिवस दादांशी बोलल्या नाहीत. विसर्जनाला नवीच पंचाईत झाली. सुकलेला शाडू पाण्यात पटकन विरघळतो, ओला विरघळत नाही. लोक आपापले गणपती बोळवून, प्रसाद खाऊन घरी गेले, आमचे दादा कमरेएवढ्या पाण्यात मूर्ती धरून उभेच. मी हाक मारली तर म्हणाले, "जात नाय गो, ऱ्हायलाच आलाय."

दादा जाऊन दोन वर्षं झाली. कारखाना आता वहिनी आणि मी बघतो. भाऊ अजून रोह्याहून येतात. मूर्ती सुकली का, असं विचारत नाहीत. "तुम्ही बघितलीत ना?" एवढंच विचारतात आणि उचलून नेतात.