चामड्याचा वायसर

नाशिकच्या भांडी बाजारातल्या एका दुकानदाराने आम्हा पाच जवानांना फसवलं. वायसर दाखवला देशी चामड्याचा, पुडीत बांधले स्वस्त परदेशी प्लॅस्टिकचे.

सुट्टीवरून परतणाऱ्याने स्टोव्हचं सामान आणायचं, अशी आमच्या सेक्शनची रीत होती. वरच्या पोस्टवर पाणी म्हणजे स्टोव्हवर वितळवलेला बर्फ. स्टोव्हच्या पंपातला चामड्याचा वायसर तेल पाजलं की फुगतो, हवा धरतो. मी पिंपळगावच्या मार्केटात हमाली करता करता सौदा शिकलेला. त्या खेपेला पाळी माझी होती. दुकानात एक वायसर दातांनी चावून पाहिला. अस्सल. मग हुज्जत घातली.

"फौजी, आता दुकानच घेऊन जा!"

"भाव कर, तेही नेतो."

तो हसला, आत गेला आणि पुडी बांधून घेऊन आला.

जानेवारीत वादळ सुरू झालं. जुना वायसर झिजला होता. नवा घातला. थंडीने तो हाडासारखा कडक झाला आणि पंप मारताच तडकला. दुसरा तडकला. पुडीतले सगळे तसेच. बर्फ चोखून तहान भागत नाही, उलट अंगातली ऊब जाते. हवालदारसाहेब तापाने बरळू लागले. मी रेडिओ घेतला.

"स्टोव्ह ठप. पानी नहीं. ओव्हर."

"जहां हो, वहीं रुको. ओव्हर."

मी पुडी पुन्हा उलटी करून पाहिली.

सकाळी वारा जरा पडला. नायक दगू पवार, सटाण्याचा, कमरेला दोर बांधू लागला. "खालना पोस्टवरथून स्टोव्ह लई येस."

"मी येतो."

"तू बस, भाऊ. तू तठे बी भाव करत बसशी."

दोराचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. वारा पुन्हा उठला. समोरचं दिसेना. दोराला एक हिसका बसला, मग तो सैल पडला. मी ओढला. तो हलका आला. कड्यावर घासून तुटला होता.

वादळ ओसरल्यावर खालच्या पोस्टची गस्तीची तुकडी स्टोव्ह घेऊन आली. आम्ही चौघं वाचलो. दगू त्यांना कड्याखाली सापडला.

पेन्शनीत आल्यावर मी त्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "फौजी, त्या भावात चामडं कसं परवडणार?"

भाव मी पाडला, खरं आहे. परवडत नव्हतं तर नाही म्हणायचं होतं. माल कोणी बदलला? दगूच्या आईच्या पितळी स्टोव्हला आजही चामड्याचाच वायसर आहे. त्या माणसाने सटाण्याला जावं, त्या स्टोव्हसमोर बसावं आणि तिला उत्तर द्यावं.