धनुकलीला बाण नसतो

"पोस्टरवर हिरोच्या डोक्यावर मुकुट काढा, पेंटर."

"पिंजाऱ्याच्या डोक्यावर?"

"पिंजारी राहिला नाही आता तो. हरवलेला राजपुत्र आहे."

लढाईच्या दिवसांत आमच्या कारंजा गावात टूरिंग टॉकीज, म्हणजे तंबूतला सिनेमा आला होता. त्याचा मॅनेजर हे बोलला आणि माझं डोकंच फिरलं. कारण तो हिरो माझा होता. मी एका मासिकात चित्रकथा काढायचो. चौकटीत चित्र, खाली दोन ओळी. कापसाच्या वजनात काटा मारणाऱ्या सेठनं बापाला देशोधडीला लावलं, म्हणून कापूस पिंजायची धनुकली घेऊन उभा राहिलेला पिंजारी, ही माझी कथा. फिल्म कंपनीनं ती घेतली आणि शूटिंगसाठी खरी धनुकली मागितली. आमच्या गल्लीतल्या कासमभाई पिंजाऱ्यांनी वडिलांच्या हातची दिली. त्यांचं पोट तिच्यावर होतं. दिली ती हिवाळ्याआधी परत मिळेल, या माझ्या शब्दावर.

"आणि सेठ?" मी विचारलं.

"तो राक्षसाच्या अंशानं जन्मलेला. पैसा लावणारे कापसाचे व्यापारी आहेत हो. समजून घ्या."

समजलं. वाईट माणूस वाईट का झाला, हे सांगायचं नाही. चांगला मात्र राजाच्याच पोटी जन्मला पाहिजे. मूर्ख लेकाचे! मी ब्रश फेकला. मुकुट काढला नाही.

पहिल्या खेळाला कासमभाई घरच्यांना घेऊन पुढेच बसले. पडद्यावर राजपुत्रानं धनुकली उचलली, तिची तांत, म्हणजे ताणलेली दोरी, कानापर्यंत ओढली आणि बाण सोडला. कासमभाई ताडकन उठले.

"अबे, तिले ठोकतेत! ओढून कायले राह्यला? तुटन ना तांत!"

सारा तंबू हसला. कापसाचं गाव आमचं. धनुकलीच्या तांतीवर लाकडी ठोकळा मारतात, हे पोराटोरांनाही ठाऊक. कासमभाई मात्र हसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "पेंटर, माही धनुकली कुठं हाय?"

मी मॅनेजरच्या मानगुटीवर बसून ती परत आणवली. सोनेरी रंग फासलेली. बाण टेकावा म्हणून दांड्याला मधोमध खाच पाडलेली. कासमभाईंनी नवी तांत चढवली, ठोकळा मारला. दांडा खाचेपासून उभा चिरला.

"राजपुत्राले दुसरी भेटन," ते म्हणाले. "मले?"

गाद्या-रजया भरायचा सगळा हिवाळा त्यांनी दुसऱ्याच्या धनुकलीवर मजुरी केली. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

तेव्हापासून सिनेमावाल्यांना मी गोष्ट देतो, कोणाचं हत्यार देत नाही. गोष्ट त्यांनी मोडली, तर मला ती पुन्हा काढता येते.