परण्याची घोडी

लग्नात भाड्याचा घोडा नाचताना दिसला की माझं डोकं फिरतं. लोक टाळ्या वाजवतात, मी तोंड फिरवून उभी राहते. नातवंडांना वाटतं, म्हातारीला कशाचंच कौतुक नाही. नाहीच मुळी.

सत्तरच्या दशकात दिवाळी झाली की आमचं धनगरांचं बिऱ्हाड आटपाडीकडच्या माळावरून कृष्णाकाठी उतरायचं. बापे मेंढरं घेऊन पुढं जात. मागून बायका घोडीवर पालाचं कापड, वाकळा, कोंबड्या लादून नेत. घोडी म्हणजे आईचा कारभार. बापाला तिचं खोगीरही धड आवळता येत नसे, पण मालकी विचारली की छाती पुढं करायचा.

त्या साली घोडी गाभण होती आणि दिवस भरत आले होते. आईनं तिच्यावरचं ओझं कमी करून भांडी स्वतःच्या डोक्यावर घेतली होती. मेंढरं एका बागायतदाराच्या रानात बसवली होती. फौजेतून सुभेदार होऊन परतलेला माणूस. लेंडीखत त्याला हवं, पण आम्ही विहिरीवर गेलो की नाकाला धोतराचा सोगा लावायचा. मला तो तेव्हाही आवडला नाही आणि आता मेला म्हणूनही आवडत नाही.

त्याच्या पोराचं लग्न निघालं. मुहूर्ताआधी नवरदेवाला घोड्यावर बसवून मारुतीला नेतात, तो परण्या. त्यासाठी सुभेदाराला आमची पांढरी घोडी हवी होती. आई म्हणाली, गाभण आहे, बाजा-फटाक्यांत शिंगरू जाईल. तिच्याकडं न बघता तो बापाला म्हणाला, "रान आमचं, पानी आमचं, आन् घोडी द्यायला जड जातंय व्हय रं?"

"न्हाई मालक, आणतो की," बाप म्हणाला. इतका लाचार आवाज मी पुन्हा ऐकला नाही.

दुपारी नवरदेव कट्यारीला लिंबू खोचून वर बसला. बापानं लगाम ओढला. घोडी हलेना. बाईच्या हाताशिवाय ती जन्मात चालली नव्हती, हे माझ्या बापाच्या ध्यानातच नव्हतं. त्यानं ओढलं, शिव्या दिल्या. सुभेदारानं वेत उगारला, तसा बाप घाबरला आणि त्यानं मला आईला बोलवायला पिटाळलं.

आई आली. लगाम हातात घेऊन तिनं घोडीच्या मानेवर थोपटलं आणि घोडी मुकाट निघाली. बाजा सुरू झाला. मारुतीच्या वळणाला आई वळलीच नाही, सरळ गावाबाहेर चालत राहिली. वाजंत्र्यांना वाटलं, मोठ्या घरचा परण्या, लांबून नेत असतील. ते वाजवत मागून आले. आमच्या पालापाशी ती थांबली.

"उतर रं खाली. घोडी गाभण हाय."

नवरदेव उतरला. आईच्या डोळ्यांकडं बघून मीसुद्धा उतरले असते. तो फेटा सावरत चिखलातून परत गेला आणि मी पोट धरून हसले. मागून आलेल्या सुभेदारानं सांगितलं, उद्या उजाडता रान सोडायचं.

सकाळी चुलता मेंढरं घेऊन पुढं गेला. बाप आईला शिव्या देत वाकळा घोडीवर टाकायला आला. आई आडवी उभी राहिली.

"घोडी तुमीच दिली न्हवं? आता वजं तुमीच घ्या."

चुलता पुढं गेलेला, कापड टाकून जाता येईना. सुभेदाराचे गडी बघत असताना बापानं पालाचं कापड आणि वाकळा पाठीवर घेतल्या. मागून घोडी मोकळी चालली. मला त्याची कीव आली नाही.

पुढच्या मुक्कामाला शिंगरू झालं, धडधाकट. बाप हसत हसत त्याला उचलायला वाकला. आईनं त्याचा हात झटकला. पुढं ते शिंगरू मोठं झालं, बिऱ्हाड वाहायला लागलं, पण बापाच्या हातानं एक पाऊल कधी चाललं नाही. आईनं त्याला तसंच वाढवलं होतं.